अकरा मिनिटांची चादर

आमच्या वस्तीतल्या लोकांना नुसता समुद्र पुरत नाही. दाराशी एवढा फुकटचा समुद्र आहे, तर बघावा, पाय ओले करावेत आणि घरी जावं. पण नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी अंगात येतं आणि सगळ्या वस्तीला संस्कृतीची लागण होते. आधी वाळूची शिल्पं झाली, ती भरतीने नेली. मग सामुदायिक बाग झाली, ती खाऱ्या वाऱ्याने जळाली. त्यानंतर आला स्वतंत्र चित्रपट महोत्सव. तो मात्र कशानेच जाईना. यंदा त्याचं चौथं वर्ष होतं.

स्वतंत्र म्हणजे कुणापासून, असं मी एकदा अध्यक्षबाईंना विचारलं होतं. बाजारापासून, असं त्या म्हणाल्या. अकलेपासून, हे त्यांनी बहुधा सभ्यपणे गाळलं. पहिल्या वर्षी त्यांनी वाळूवर पडदा उभारून दुपारी चार वाजता सिनेमे लावले होते, कारण मावळता सूर्य हा म्हणे अनुभवाचा भाग. ढळढळीत उन्हात पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. साठ-सत्तर माणसं दोन तास कोऱ्या कापडाकडे बघत बसली आणि शेवटी टाळ्या वाजवून मोकळी झाली. मग वारा सुटला आणि पडदा खांबांसकट पाण्यात गेला. तो पडदा माझ्या चादरींचा होता, म्हणून मला हे एवढं नीट आठवतं.

माझी लाँड्री आहे. काठावरच्या लॉजच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे आमच्याकडे येतात. आईबाबांनी सुरू केलेली, आता मी चालवते. महोत्सवाच्या पडद्यासाठी सहा जुन्या डबलच्या चादरी आम्हीच जोडून देतो. मधली शिवण दर वर्षी बरोबर नायकाच्या नाकावरून जाते. आभाराच्या यादीत आमचं नाव शेवटून दुसरं असतं. शेवटचं समुद्राचं.

महोत्सव चालवणारी समिती तीन माणसांची. अध्यक्षबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई. समोर कुणीही असो, त्या अजून त्याच्याकडून नकाशा भरून घेतात. दुसरे दातांचे डॉक्टर. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर त्यांचा, त्यामुळे तांत्रिक बाजूही त्यांची. तिसरा एक विमा एजंट. त्याला मी आशयघन म्हणते, कारण तो शब्द उच्चारल्याशिवाय त्याला सिनेमाबद्दल तोंड उघडता येत नाही. पॉलिसी विकतानाही ती आशयघन आहे असंच सांगत असावा. या तिघांचा एक नियम आहे. मतदान करायचं नाही, सगळं सहमतीने. म्हणजे ज्याला पटत नाही तो थकेपर्यंत बाकीच्यांनी शांतपणे चहा प्यायचा.

यंदा त्यांच्याकडे सत्याऐंशी सिनेमे आले. सगळे धड बघायचे तर तिघांचा महिना गेला असता. तेव्हा सहमतीने असं ठरलं, की निवडीसाठी सगळे सिनेमे दुप्पट वेगाने बघायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. डॉक्टरांचे पांढरे कोट द्यायला गेले होते, तेव्हा दवाखान्यात तिघं मांडीवर वह्या घेऊन बसले होते आणि लॅपटॉपवर एक बाई कड्यावर उभी राहून फटाफट रडत होती. हल्ली वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही, माणसं आपल्याच आवाजात फक्त भरभर बोलतात. डॉक्टरांनी मला हे अशा थाटात समजावलं, की आवाज त्यांनीच बसवलेत असं वाटावं. दुप्पट वेगातही जो टिकतो तोच खरा सिनेमा, असं आशयघन म्हणाला. मी कोट टेबलावर ठेवले आणि हसू दाबत बाहेर पडले.

हसले, कारण त्या सत्याऐंशीत आमच्या ताईचाही सिनेमा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय मोडलंय ते बघायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, अशी तिची नोकरी. घरी मात्र ती बोलून टाकते. बाबांना जे काही सुनवायचं होतं ते तिने मागच्या वर्षी आई गेली त्या आठवड्यात सुनावून टाकलं, आणि त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आमची आई वारं प्यायल्यासारखी वावरायची. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. तीस वर्षं एका टोकाला आई आणि दुसऱ्या टोकाला बाबा. बाबा मागच्या बॉयलरच्या खोलीत असायचे. टेबलावर ढीग आला की आई ओरडायची, "हे कुठे जाऊन बसलेत?" आणि आतून बाबा ओरडायचे, "आलो." सकाळच्या चहाच्या आत चाळीस चादरी व्हायच्या. बोलणंही तसंच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती त्याचं उत्तर देऊन मोकळी व्हायची.

मग तिचं हृदय थकलं. शेवटच्या चार महिन्यांत ती दोन पावलं टाकली की थांबायची. हॉस्पिटलने विश्रांती सांगितली होती, पण तिला हातात चादर हवीच असायची. ती भिंतीला धरून टेबलाशी यायची आणि ती येताना दिसली की बाबा बॉयलरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. झडप गळतेय म्हणायचे, वाफ बघायची आहे म्हणायचे. दहा पावलांचं अंतर. तिने हाक मारली तरी बाहेर यायचे नाहीत. मी इस्त्रीच्या रोलरवर असायची किंवा गिऱ्हाइकाशी बोलत असायची, निदान मी तसं स्वतःला सांगते. चादरीचं दुसरं टोक ताई धरायची.

त्यातलीच एक चादर ताईने फोन फळीवर उभा करून टिपली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच चादर, अकरा मिनिटं. आई, चादर, ताईचे दोन हात आणि मागे भिंतीवरचं घड्याळ, बाकी काही नाही. मध्ये आई दोनदा विचारते, हे कुठे जाऊन बसलेत. दोन्ही वेळा आतून काही उत्तर येत नाही.

बाबांनी ते कधी बघितलं नव्हतं. ताईने दोनदा फोन पुढे केला, दोन्ही वेळा त्यांना चष्मा सापडला नाही. तेव्हा तिने 'एक चादर' असं नाव देऊन ती फिल्म महोत्सवाला पाठवली. मुलीचा सिनेमा आहे आणि सगळी वस्ती हॉलमध्ये आहे म्हटल्यावर बाबांना यावंच लागणार होतं, आणि तेवढा मोठा पडदा चष्म्याशिवायही दिसतो.

"आईने दोनदा विचारलंय," ताई मला म्हणाली. "एकदा तरी त्यांनी ते ऐकून घ्यावं. सगळ्यांसमोर, जागचं न हलता."

मला ते क्रूर वाटलं आणि बरोबरही वाटलं. 

निवडीचं पत्र आलं. त्यात आशयघनने हात धुऊन घेतले होते. भिंतीवरच्या घड्याळाचा सैरावैरा पळणारा काटा हे काळाचं जबरदस्त रूपक आहे वगैरे वगैरे. ताईने पत्र दोनदा वाचलं आणि लाँड्रीतल्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. हे कधी पळालं, असं तिने मला विचारलं. तेव्हा मी तिला दवाखान्यातली गंमत सांगितली. तिला ती गंमत वाटली नाही. तडक जाऊन तिघांना फाडून खायचं होतं. मीच तिला अडवलं. निवडताना कसाही बघेनात का, म्हटलं, हॉलमध्ये तर नीट लागेल ना, जाऊ दे. हे 'जाऊ दे' माझं होतं, ते मी नाकारत नाही.

तरी भांडण टळलं नाहीच. वेळापत्रकात ताईच्या सिनेमाला साडेपाच मिनिटं दिली होती. समितीने तो स्वतः घड्याळ लावून मोजला होता, आणि अकरा मिनिटांचा सिनेमा आम्ही निवडलेलाच नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. ताईने त्यांना त्यांच्याच दुप्पट वेगाचं गणित मांडून दाखवलं. अध्यक्षबाईंनी गणित मान्य केलं, चूक मान्य केली नाही. साडेपाच मिनिटांत सिनेमा इतका छान पोचला होता, मग उरलेली साडेपाच हवीत कशाला, असं त्यांनी विचारलं. आशयघन म्हणाला, आशय तोच राहील, फक्त घट्ट होईल. मग तिघं सहमतीने चहा पिऊ लागले.

"आईला त्या चादरीची घडी घालायला अकरा मिनिटं लागली," ताई म्हणाली. "लवकर आटपायचं होतं तर तुम्ही तिला सांगायला हवं होतं. एक सेकंदही कमी होणार नाही."

चहा संपला, कप विसळून झाले, तरी ती उभीच होती. शेवटी त्यांनी अकरा मिनिटं दिली, पण जेवणानंतरची पहिली, जेव्हा अर्धा हॉल पेंगत असतो. प्रेक्षकांचा संयम ही मर्यादित साधनसंपत्ती आहे, हे अध्यक्षबाईंनी जाताजाता ऐकवलंच. भूगोल कुठे जातो.

महोत्सव होड्यांच्या क्लबात होता. होड्या बाहेर काढल्या होत्या, खुर्च्या आत आल्या होत्या आणि उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना आमचीच ब्लँकेटं ठोकली होती. सकाळी एका वास्तुशिल्पकाराचा वीस मिनिटांचा सिनेमा झाला. त्यात एक खेकडा बिळातून बाहेर येणार की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. मग चर्चा झाली. चर्चेत प्रश्न कुणीच विचारत नाही, हात वर करून सगळे आपापलं बालपण सांगतात. एका गृहस्थांनी तर तो खेकडा म्हणजे आपणच असं कबूल केलं. मला पटलं.

बाबा आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, भिजवून बसवलेले केस, आणि दाराजवळची खुर्ची. खेकडा चालू असतानाही मान खाली. ते पळायची वाट शोधत होते हे मला कळत होतं आणि ताईला तर कळतच होतं. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली, मी उजव्या. पोलीस असे बसतात.

जेवणाच्या सुट्टीत समितीला बक्षिसं ठरवायची होती. तिघं लॅपटॉपला चिकटून दुपारचे सिनेमे पुन्हा एकदा चाळत होते, अर्थातच आपल्या रीतीने. मी ते बघितलं आणि नाक मुरडून पुढे गेले. लोक जेवून परतले, दिवे मालवले गेले आणि डॉक्टरांनी वेग पूर्ववत न करता तसंच बटण दाबलं.

पडद्यावर आमची लाँड्री आली. मी सर्वांत आधी घड्याळ बघितलं. काटा सैरावैरा पळत होता.

माझं डोकं फिरलं. ताई बाबांच्या पुढून माझ्याकडे वाकली. अंधारातही तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता. मुद्दाम केलंय यांनी, असं ती पुटपुटली. मुद्दाम करायला लागते तेवढी बुद्धी त्यांच्याकडे नाही, हे मला माहीत होतं, पण समजावत बसायची ती वेळ नव्हती. मी उठलेच. लॅपटॉपपर्यंत बारा-पंधरा पावलं होती आणि प्रत्येक पावलाला एक, अशा शिव्या माझ्याकडे तयार होत्या. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

"बस," ते म्हणाले. "बघू दे."

मी बसले. आणि मग ते काय बघत होते ते मलाही दिसलं.

चादरीचा एक कोपरा उचलून श्वासासाठी थांबणारी आजारी आई तिथे नव्हतीच. पडद्यावरची आई थांबली असं वाटेपर्यंत तिचा हात पुढच्या कोपऱ्यावर गेलेला असायचा. ती झरझर टेबलाला वळसा घालत होती. कापड झटकून सरळ करत होती. "कोपरा धर. सोडू नकोस. हां, आता ये माझ्याकडे." एका वाक्यात दुसरं वाक्य अडकलेलं, आणि आवाज अगदी तिचाच. ही आमची आजाराआधीची आई होती. शेवटच्या महिन्यांत ती निम्म्यावर आली होती, आणि त्या तीन गाढवांनी हलगर्जीपणाने तिला दुप्पट करून बरोबर जागेवर आणून ठेवली होती.

बाबा हसले. चादरीची कड वाकडी झाली म्हणून आई ताईवर डाफरली तेव्हा ते स्पष्ट हसले. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं.

"हे कुठे जाऊन बसलेत?" आईने पडद्यावरून विचारलं. रोजच्यासारखंच, अर्धवट वैतागून.

"आलो," बाबा म्हणाले.

मोठ्याने म्हणाले नाहीत, पण पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं. आईने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेले होते. मी त्यांना धरलं नाही. ताईनेही धरलं नाही. आईने शेवटची घडी हाताने दाबली, चादर ढिगावर ठेवली आणि पडदा पांढरा झाला. बाबा सावकाश खाली बसले. ताई पडद्याकडे बघतच नव्हती, कितीतरी वेळ ती बाबांकडेच बघत होती.

टाळ्या पडल्या. काही चुकलंय हे हॉलमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नाही. समितीच्या तर येणारच नव्हतं. त्यांनी तो सिनेमा याच वेगात बघितला होता आणि त्यांना तो तसाच ओळखीचा होता. पुढचा सिनेमा अध्यक्षबाईंच्या भाच्याचा. त्यात एक तरुण समुद्राकडे तोंड करून आयुष्याबद्दल बोलतो. तो लाह्या फुटाव्यात तसा बोलू लागला, लाटा धडाधड किनाऱ्यावर आपटू लागल्या, आणि भाचा आपल्या खुर्चीवर उभा राहून ओरडायला लागला. तेव्हा कुठे डॉक्टरांनी वाकून लॅपटॉपकडे बघितलं. भाच्याच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळा महोत्सव धावत सुटला असता.

अध्यक्षबाई माईकपाशी आल्या. तांत्रिक अडचण, दिलगिरी, स्वयंसेवकांचे अपार कष्ट, हे सगळं झालं. मग त्या म्हणाल्या, की याआधीच्या सिनेमावरही अन्याय झालेला आहे, तेव्हा तो आत्ता पुन्हा, पूर्ण अकरा मिनिटं दाखवला जाईल. दिग्दर्शिका कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.

ताई उभी राहिली. सगळा हॉल आमच्याकडे वळला. वर्षभर तिला जे हवं होतं ते आता तिच्या पुढ्यात होतं. बाबा शेजारी बसलेले, सगळी वस्ती बघतेय, उठून जायला तोंड नाही, आणि पडद्यावर आई तिच्या खऱ्या वेगाने, खऱ्या थांब्यांसकट विचारणार, की हे कुठे जाऊन बसलेत. ताईने फक्त हो म्हणायचं होतं. बाबांनी मान वर केली नाही. त्यांचे हात मांडीवर होते आणि दोन्ही चिमटींत त्यांनी पँटचं कापड घट्ट धरलं होतं, चादरीचे कोपरे धरतात तसं.

"नको," ताई म्हणाली. "साडेपाच मिनिटांचाच आहे तो."

आणि खाली बसली.

आशयघनच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी सांगत नाही. अध्यक्षबाई माईकवरूनच म्हणाल्या, की आम्ही हे पहिल्यापासून सांगत होतो, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण करणार काय? आम्ही दोघी मुली वर्षभरात बाबांना जे देऊ शकलो नव्हतो, ते या तिघांनी एक बटण विसरून देऊन टाकलं होतं. त्यांना धड शिव्याही देता येईनात. हे मी त्यांना जन्मात माफ करणार नाही.

बक्षीस समारंभात ताईला प्रमाणपत्र मिळालं, 'गतीवरील प्रभुत्वासाठी विशेष उल्लेख'. ते वाटेत चुरगळलं. मी त्याला इस्त्री केली आणि रोलरच्या मागे ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी लाँड्रीत होतो. ताईला सुट्टी होती. दुकानाचं दार अजून उघडलं नव्हतं. बाबा बॉयलरच्या खोलीतून बाहेर आले आणि ताईसमोर हात पुढे करून उभे राहिले.

"फोन दे," ते म्हणाले. "हळूवाली आहे ना त्यात, ती लावून दे."

ताईने लावून दिली. बाबांनी खिशातून चष्मा काढला, खिशातच होता तो. फोन घेऊन ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी घड्याळ बघितलं. ताई चादरींच्या ढिगाशी उभी होती, मी रोलरशी, आणि दोघींनी कशालाही हात लावला नाही. आतून आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, मधलं थांबणं तेवढं कळत होतं. साडेपाच मिनिटं झाली. बाबा बाहेर आले नाहीत. सात झाली. मध्ये एकदा बाबांचा आवाज आला, अगदी छोटा, एका शब्दाचा. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा आला.

अकरा झाली, तरी थोडा वेळ दार उघडलं नाही. मग उघडलं. बाबांनी फोन टेबलावर ठेवला, चष्मा पुसून खिशात घातला आणि ढिगावरची पहिली चादर उचलली. दोन कोपरे आपल्या हातात घेतले आणि बाकीची चादर ताईच्या दिशेने सोडली.

"कोपरा धर," ते म्हणाले.

ताईने धरला.